हात कशाने थरथरतात

पीठ मळून झालं होतं, मुळा किसून झाला होता, सुक्या कोळंबीचा वास जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत गेला होता. चिन-फुंगचं औषध बंद करायचं की नाही, याचा निकाल जेवणाआधी लावायचा की जेवणानंतर, एवढंच काय ते ठरायचं राहिलं होतं. त्याची आत्या बिक-हा हिच्या मते जेवणाआधी. "पोट भरलं की माणसं होला हो करतात," असं तिने टॅक्सीतून उतरता उतरताच सांगून टाकलं. तिला एका कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे तिचं सांगणं स्कारबरोच्या त्या गल्लीत पलीकडच्या तीन घरांनाही कळलं असणार.

योक-हिंगने नणंदेचा कोट घेतला, झटकला, खुंटीला लावला. चाळीस वर्षं ती हा कोट घेत, झटकत आणि लावत आली होती. त्यात आदर किती आणि सवय किती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"वन्सं, आधी चहा घ्या. निकाल कुठे पळून जात नाही."

"निकाल नाही पळत. पोरगा हातचा जातोय." बिक-हाने खुर्ची ओढली. "तीन वर्षं ते विष पोटात घालताय. आता हातांवर आलंय. उद्या डोक्यात जाईल."

डोक्यातल्यासाठीच तर घेतोय, असं योक-हिंगच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण सणाचा दिवस होता. ताम घराण्यात हा हिवाळी सण नव्या वर्षाहून मोठा. वर्षातला सगळ्यात लहान दिवस सगळ्यांनी एका टेबलाभोवती बसून काढायचा, हा तिच्या सासूचा दंडक, आणि सासू जाऊन अकरा वर्षं झाली तरी तो मोडायची कोणाची छाती नव्हती.

चिन-फुंग टेबलाशी बसून पिठाचे टाँगयुन, सणाच्या सुपात सोडायचे गोल गोळे, वळायचा प्रयत्न करत होता. वळत कसले, हातातला गोळा थरथरून लांबट व्हायचा आणि ताटात पडायचा. शेजारी बसलेली त्याची बायको मेई-सिन तो उचलायची, तळहातावर एकदा फिरवायची आणि गोल करून ठेवायची. पाचसहा वेळा असं झालं. मग चिन-फुंगने हात पुसले आणि ते मांडीखाली दाबून बसला.

छत्तीस वर्षांचा हा मुलगा चिनी बेकरीत केकवर अक्षरं काढायचा. साखरेच्या मऊ लोण्याची पिशवी हातात धरून तो जे अक्षर काढेल, ते छापल्यासारखं उठायचं. गेल्या महिन्यात कोणाच्या तरी आजोबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाचा केक होता. 'दीर्घायुष्य' या अर्थाचं चिनी अक्षर काढताना त्याचा हात असा हलला, की अक्षराचा पायच तुटला. ऐंशी वर्षांच्या माणसासमोर पाय तुटलेलं दीर्घायुष्य कोण ठेवणार? मालक चांगला माणूस. तो काही बोलला नाही. त्याने चिन-फुंगला मागे ट्रे धुवायला पाठवलं, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट झालं.

म्हणून आज प्रश्न नुसता आत्याच्या हट्टाचा नव्हता. चिन-फुंगलाच औषध नको झालं होतं. काल त्याने आईला जिन्यात गाठून सांगितलं होतं, "आत्या म्हणते ते मी ऐकणार आहे. मला माझे हात परत पाहिजेत."  पण औषध नसलेला चिन-फुंग योक-हिंगने पाहिला होता.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यात आधी सगळ्यांना वाटलं, पोरगा कामाला लागला. पहाटे उठून त्याने घरापुढचा बर्फ काढला, मग शेजारच्यांचा, मग समोरच्यांचा. चौदा घरं. गल्लीतल्या बायका योक-हिंगला थांबवून सांगायच्या, काय मुलगा आहे तुमचा. तीही मान डोलवायची, आणि घरी येऊन नवऱ्याला, यिऊ-चोला, ऐकवायची, "बघा, नाहीतर तुम्ही." पाचव्या दिवशी गल्लीत काढायला बर्फच उरला नाही, तेव्हा चिन-फुंगने बागेतला बर्फ उचलून रस्त्यावर आणायला सुरुवात केली, पुन्हा काढता यावा म्हणून. हातमोजे नव्हते. पाच दिवसांत तो किती झोपला, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ज्याचं कौतुक करत होतो तोच आजार होता, हे कळल्यापासून योक-हिंगचा कौतुकावरचा विश्वास उडाला होता. आजाराचं नावही घरात कोणी घेत नसे. सगळे त्याला 'थकवा' म्हणत. चिन-फुंगला थकवा आहे. थकव्याचं औषध चालू आहे.

"कधीपासून थरथरतात हात?" तिने आता विचारलं.

"झालं हिचं सुरू," यिऊ-चो वर्तमानपत्राआडून म्हणाला.

योक-हिंगचा चौकसपणा घरात चेष्टेचा विषय होता. भाजीवाल्याला ती वांगी कुठून आली ते विचारायची, बसच्या ड्रायव्हरला त्याच्या मुलीचं लग्न जमलं का ते. गेले आठ महिने दर मंगळवारी ती हातपंख्याचा नाच शिकायला म्हणून बाहेर पडायची आणि जायची समाजकेंद्राच्या तळघरात. तिथे लो नावाच्या एक नर्सबाई अशा आजारी माणसांच्या घरच्यांचा वर्ग घ्यायच्या, आपल्या भाषेत. पहिल्याच दिवशी योक-हिंगने सांगून टाकलं होतं, की ती एका शेजारणीसाठी आली आहे. वर्गातल्या नऊपैकी सहा बायका शेजारणीसाठीच आल्या होत्या. लोबाई कोणालाच खोटं पाडत नसत. त्या एवढंच शिकवायच्या, की माणसात फरक पडला की घाबरू नका, मागे जा, त्याच्या आधी घरात काय बदललं ते शोधा.

"कधीपासून, असं विचारतेय मी," योक-हिंग पुन्हा म्हणाली.

"नोव्हेंबरच्या मध्यापासून," मेई-सिन म्हणाली. "त्या केकच्या आधी दोनतीन दिवस. मग पोट बिघडलं. तहानही फार लागते. आज सकाळी जिन्यात तोल गेला."

"तोल गेला? मला कोणी सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर तू अजून एक वाडगा सूप आणलं असतंस," चिन-फुंग म्हणाला. बोलताना त्याची जीभ किंचित जड वाटत होती.

"विष साठतं," बिक-हाने टेबलावर बोट आपटलं. "तीन वर्षं साठलं, आता भांडं भरलं. यात शोधायचं काय आहे?"

"वन्सं, भांडं तीन वर्षं भरतंय तर नेमकं नोव्हेंबरातच कसं सांडलं?"

"मला काय विचारतेस? त्या गोऱ्या डॉक्टरला विचार."

"गोरा नाही, श्रीलंकेचा आहे," मेई-सिन हळूच म्हणाली.

"औषध वाढवलं होतं का त्याने?"

"नाही, आई. तेवढंच आहे. मी रोज देते, एकही चुकलेलं नाही."

"बेकरीत काही नवं? रंग, वास, काही?"

"काही नाही," चिन-फुंग म्हणाला. "आई, सोड ना. तू काय पोलीस आहेस?"

"मग घरात काय बदललं?"

 यिऊ-चोने वर्तमानपत्र खाली घेतलं, घडी घातली, आणि आयुष्यभर जेवणाबद्दल तक्रार न केलेल्या माणसाच्या संकोचाने म्हणाला, "जेवण बदललं."

"म्हणजे?"

"म्हणजे मीठ. महिना-दीड महिना झाला, कशातच मीठ नसतं. मला वाटलं, तुझ्या जिभेची चव गेली वयामुळे. म्हणून बोललो नाही. मी आपला सोया सॉसची बाटली खुर्चीखाली ठेवतो."

मेई-सिनने मान खाली घातली. "मी बेकरीतून खारे पाव आणते," ती म्हणाली.

"आणि तू?" योक-हिंगने मुलाकडे पाहिलं.

"मी जे देशील ते खातो," चिन-फुंग म्हणाला. "तू ते माझ्यासाठी केलेलं असतंस."

खरंच केलेलं होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पहिला बर्फ पडला आणि चिन-फुंग फावडं घेऊन बाहेर गेला. त्याने फक्त आपल्या घरापुढचा बर्फ काढला, फावडं जागेवर ठेवलं आणि आत येऊन चहा प्यायला. पण खिडकीतून ते फावडं पाहून योक-हिंगला ती चौदा घरंच आठवली. या वेळी अंगातल्या आगीला डोक्यात चढूच द्यायचं नाही, असं तिने ठरवलं. मीठ आग वाढवतं, असं भाजीच्या दुकानातल्या एका बाईने सांगितलं होतं, म्हणून मीठ बंद. बिक-हाने काढेवाल्याकडून बियांची एक पुडी आणून दिली होती, अंगातली उष्णता लघवीवाटे काढून टाकणारी. ती पुडी, जव आणि मक्याच्या कणसाचे केस घालून रोज चार तास मंद आचेवर सूप. दोन वाडगे, सकाळ-संध्याकाळ. औषध डॉक्टरचं, पण मुलगा आपला. आपणही काही करायला नको का?

तिला अजून काही कळलं नव्हतं. फक्त कुतूहल जागं झालं होतं, नेहमीसारखं. आणि तिची खोड अशी, की एकदा धागा हाती लागला की तो कुठे नेतोय याचा विचार न करता ती ओढत राहायची.

"मेई-सिन, औषधाच्या पिशवीला दर महिन्याला एक कागद लावलेला असतो ना? तो आण."

"आई, तो इंग्रजीत आहे."

"तुला येतं ना वाचता? आण."

मेई-सिन वर जाऊन कागद घेऊन आली. उभ्यानेच वाचायला लागली, एक एक ओळ आपल्या भाषेत करत. "रोज ठरलेल्या वेळी घ्यावं. पाणी भरपूर प्यावं. जेवणातलं मिठाचं प्रमाण एकाएकी कमी-जास्त करू नये." ती थांबली.

"का म्हणून? लिहिलंय का?"

"मीठ कमी झालं, तर औषध शरीरातून बाहेर पडत नाही. साठत जातं."

"पुढे वाच."

"लघवी जास्त करणारी औषधं किंवा काढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत." मेई-सिनचा आवाज बारीक झाला. "हात जोरात थरथरणं, जुलाब, तोल जाणं, बोलणं जड होणं, असं काही दिसलं तर लगेच..."

तिने कागद टेबलावर ठेवला. भांड्यातलं पाणी उकळत होतं, त्याचा तेवढा आवाज.

"मी हा तीन वर्षं वाचतेय," मेई-सिन म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "दर महिन्याला. पण सुपात काय असतं ते मला माहीतच नव्हतं."

"तुला कसं असणार? मी तुला चुलीजवळ फिरकू देते कुठे," योक-हिंग म्हणाली.

एकाच घरात खाली सूप शिजत होतं आणि वर कागद वाचला जात होता. मध्ये चौदा पायऱ्यांचा जिना. दोन्ही बायकांना त्याच माणसाची काळजी, आणि एकीनेही दुसरीला विचारलं नव्हतं की तू त्याला काय देतेस.

दीड महिना योक-हिंगने ते सूप पाजलं होतं. आपल्या हाताने, आपल्या वाडग्यातून, वर पुन्हा "संपव सगळं" असं दटावून. शत्रूने केलं असतं तर त्याच्या नावाने बोटं तरी मोडता आली असती. तिने नणंदेकडे पाहिलं. बिक-हाचं तोंड पहिल्यांदाच बंद होतं. आता नुसतं म्हणायचं होतं, की वन्सं, पुडी तुमची होती. चाळीस वर्षांचे टोमणे एका वाक्यात फिटले असते. लग्नानंतर पहिल्याच सणाला बिक-हाने सगळ्यांदेखत हिच्या टाँगयुनना "नदीतले गोटे" म्हटलं होतं, तेव्हापासूनचे.

"सूप मी केलं," योक-हिंग म्हणाली. "मीठ मी बंद केलं. औषधाचा दोष नाही. चिन-फुंग, मी केलं हे."

पुडीबद्दल ती बोलली नाही.

चिन-फुंग आईकडे बघत राहिला. रागावला की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. मेई-सिनने औषधाच्या दुकानात फोन लावला. पलीकडच्या माणसाने तिचं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. आजचं औषध देऊ नका आणि आत्ता, याच क्षणी, रुग्णालयात न्या, एवढंच म्हणाला. यिऊ-चोने गॅस बंद केला आणि गाडीची किल्ली घेतली. टाँगयुन ताटात तसेच राहिले. सासूचा दंडक अकरा वर्षांनी मोडला आणि ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

बिक-हाला घरीच थांबा म्हटलं, तर तिने ऐकलं नाही. किंवा नको त्या कानाने ऐकलं.

रुग्णालयात बसायला जागा नव्हती. अर्धे लोक आपल्याकडचेच दिसत होते. सण असो नसो, पाय मुरगळायचा तो मुरगळतोच. खिडकीमागच्या परिचारिकेने फोनवर दुभाषी बाई जोडून दिली आणि फोन सगळ्यांना ऐकू येईल असा मध्ये ठेवला.

"औषध कशासाठी घेतात, ते विचारताहेत," दुभाषी बाई म्हणाली.

मेई-सिनने तोंड उघडलं. यिऊ-चोने सवयीने आजूबाजूला पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "थकवा—"

"थकवा कसला," बिक-हा फोनवर ओणवून म्हणाली. आवाज हळू करणं तिला कधी जमलंच नव्हतं, आणि आज तिने प्रयत्नही केला नाही. "बायपोलर. चढ-उताराचा आजार. माझ्या भाच्याला आहे, तीन वर्षं झाली. औषधाने बरा होता. लिहून घ्या."

बाकांवरची काही डोकी वळली. ज्यांना भाषा कळत होती ती वळली, म्हणजे बरीचशी वळली.

"आणखी काही घेत होते का?"

बिक-हाने निघताना स्वयंपाकघरातून उचललेली अर्धी उरलेली पुडी पर्समधून काढली आणि खिडकीतून आत सरकवली. "हे. मी दिलं. मीठ बंद करायलाही मीच सांगितलं. हिने नुसतं ऐकलं."

"वन्सं, काहीतरी बोलू नका. मीठ मी बंद केलं."

"मी सांगितलं म्हणून केलंस."

"तुम्ही कुठे सांगितलंत? भाजीच्या दुकानात ऐकलं मी."

"म्हणजे माझ्यापेक्षा भाजीवालीचं जास्त ऐकतेस?"

"एका वेळी एकजणच बोला," दुभाषी बाई म्हणाली. "मी नेमकं कोणाचं नाव सांगू?"

"दोघींचं सांगा," चिन-फुंग म्हणाला. त्याला हसू येत होतं. कितीतरी आठवड्यांत न आलेलं, जड जिभेचं वाकडंतिकडं हसू. मेई-सिन भिंतीला टेकून रडतही होती आणि हसतही होती.

आत एकालाच जाता येईल, असं परिचारिकेने सांगितलं. मेई-सिन पर्स सावरून पुढे झाली. चिन-फुंगने तिचा हात धरला, तिच्या कानाशी काहीतरी बोलला. तिने सासूकडे पाहिलं, क्षणभर थांबली, आणि औषधाचा कागद तिच्या हातात दिला.

"आई, तुम्ही जा."

पडद्याआड रक्त घेतलं, सलाईन लावलं, छातीला तारा चिकटवल्या. तरुण डॉक्टरीण आली. फोनवरच्या दुभाषी बाईच्या तोंडून तिने सांगितलं, की औषध रक्तात बरंच वाढलंय, पण वेळेवर आलात. दोनतीन दिवस इथेच राहावं लागेल. मग तेच औषध, थोडं कमी करून, पुन्हा सुरू करू. हात थांबतील.

योक-हिंगने तिला अकरा प्रश्न विचारले. मुळा चालेल का, खारवलेलं अंडं चालेल का, नुसतं कोंबडीचं सूप चालेल का, हात किती दिवसांत थांबतील, केकवर अक्षर काढण्याइतके थांबतील का. डॉक्टरीण सगळ्यांची उत्तरं देऊन गेली. मग दोघंच उरली. डोक्याशी यंत्र टिकटिकत होतं.

"मला का आणलंस आत?" योक-हिंगने विचारलं. "ती तुझी बायको आहे. मी तर तुला..." 

"तिला सगळं माहीत आहे. तिने विचारलंय." चिन-फुंग छताकडे बघत होता. "तू बसवाल्याला विचारतेस, भाजीवाल्याला विचारतेस. आत्ता त्या डॉक्टरला विचारलंस. मला तीन वर्षांत कधी काही विचारलं नाहीस, आई. जेवलास का, एवढंच."

 तळघरातल्या वर्गात आठ महिने शेजारणीच्या मुलाबद्दल ती काय काय विचारून आली होती. घरातल्याला विचारायची भीती वाटायची. विचारलं तर ते खरं होईल, आणि त्याला पुन्हा आठवेल, असं वाटायचं. त्याला तर ते रोजच आठवत असणार, हे तिला आत्ता, या खुर्चीत बसून सुचत होतं, आणि एवढी साधी गोष्ट इतक्या उशिरा सुचल्याची तिला मनापासून लाज वाटली.

"कसं वाटतं रे?" तिने विचारलं. "ते चढायला लागतं, तेव्हा?"

त्याने छतावरची नजर तिच्याकडे वळवली. मग म्हणाला, "खरं सांगू? फार छान वाटतं."

असल्या उत्तराची तिने तयारी केली नव्हती. तिने खुर्ची पुढे ओढली, चष्मा काढून मांडीवर ठेवला, आणि त्याचा थरथरता हात दोन्ही हातांत धरला.

"छान म्हणजे कसं? पहिल्यापासून सांग. बर्फ काढायला गेलास, त्या दिवसापासून."

"लांबलचक आहे."

"असू दे," योक-हिंग म्हणाली. "मला ऐकायचंय."